पाढे, प्रवाह आणि न मोजलेला खर्च

पडद्यावर दोन आकडे येतात. डावीकडे बारक्या टायपात ७, उजवीकडे ठसठशीत मोठ्या टायपात ३. किंमत कोणी विचारलेलीच नाही. दिसायला मोठा कोणता, तेवढं बटण दाबून सांगायचं. उत्तर उघड आहे, उजवीकडचा. तरी बोट क्षणभर अडखळतं. ७ मोठ्या टायपात आणि ३ बारक्या टायपात असता तर अडखळलं नसतं. फरक मिलिसेकंदांतला, पण शे-दोनशे फेऱ्या घेतल्या की तो हटकून दिसतो. आकडा डोळ्यांसमोर आला की त्याची किंमत मनात उमटतेच, नको म्हटलं तरी उमटते. हेनिक आणि त्झेलगॉव्ह यांनी १९८२ मध्ये हा परिणाम मांडला आणि आकड्यांची जाण किती आपोआप होते हे तपासायला तेव्हापासून तो हाताशी आहे.

२००७ मध्ये रोई कोहेन कदोश आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हीच चाचणी चालू असताना निरोगी माणसांच्या डोक्याच्या मागच्या-वरच्या भागावर चुंबकीय झटके दिले. नेम होता पॅरायटल भागातल्या इंट्रापॅरायटल सल्कस नावाच्या घडीवर. उजव्या बाजूला झटके दिले तेव्हा किमतीचा तो आपोआपपणा ढासळला, आणि उत्तरांचा नमुना डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे संख्या आणि हिशेब शिकण्यातली अडचण, असलेल्या लोकांसारखा दिसू लागला. डाव्या बाजूला तेच झटके देऊन तसं झालं नाही.

आकड्यांच्या अभ्यासात मेंदू-उत्तेजनाची खरी कमाई ही आहे. एखाद्या भागाला काही क्षण नेमका अडथळा करायचा आणि हे काम त्याच्यावाचून चालतं का, ते बघायचं. पण गेली पंधराएक वर्षं बोलबाला चाललाय तो करंट देऊन गणित सुधारण्याचा. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीच्या विरुद्ध आहे. निदान ती आज ज्या थाटात लोकांपुढे येते, त्या थाटाच्या तरी.

अडथळ्याला एवढं महत्त्व का, ते आधी. मेंदू आणि हिशेब यांचं नातं पहिल्यांदा कळलं ते इजांमुळे. हिशेब करण्याची क्षमता हरपण्याला स्वीडिश डॉक्टर हेन्शेन यांनी शतकापूर्वी ‘अकॅल्क्युलिया’ हे नाव दिलं. व्हिएन्नाच्या योझेफ गर्स्टमन यांनी १९२४ पासून अशा रुग्णांची वर्णनं केली, ज्यांना गणित, लेखन, स्वतःची बोटं ओळखणं आणि डावं-उजवं हे सगळं एकदमच अवघड झालं होतं. इजा डाव्या पॅरायटल भागातल्या अँग्युलर जायरस नावाच्या पट्ट्याच्या आसपासची. पण इजा हद्द पाळत नाही. एक रक्तवाहिनी तुंबली की चार शेजारी एकदम अंधारात जातात, आणि कोणाच्या जाण्याने काय गेलं ते सांगता येत नाही. पुढे स्कॅनर आले. ते उजळलेला भाग दाखवतात, पण उजळला म्हणजे तो लागतोच असं नव्हे. बेरीज करताना डोळे सरकतात, बोट बटणावर तयार होतं, चुकण्याची धास्ती असते. या सगळ्याने काही ना काही उजळतंच.

उत्तेजनाने यातली एक गाठ सुटते. २००१ मध्ये सिल्के ग्योबेल यांच्या गटाने लोकांना दोन अंकी संख्या दाखवून ‘६५ पेक्षा मोठी की लहान’ विचारलं आणि अँग्युलर जायरसवर झटके देऊन या तुलनेत व्यत्यय आणून दाखवला. त्याहून थेट पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा. डाव्या पॅरायटल भागात गाठ असलेल्या एका रुग्णाला ऑपरेशनमध्ये जागं ठेवून ह्यूग द्युफो आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका जागी करंट देत गणितं विचारली. २००२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गुणाकार जिथे अडला त्या जागा आणि वजाबाकी जिथे अडली त्या जागा वेगवेगळ्या निघाल्या. विचार केला तर पटतं. ‘सात आठे छप्पन्न’ हे आपण काढत नाही, ते ओठांवरच असतं. छप्पन्नातून एकोणीस मात्र काढावे लागतात.

म्हणून ‘गणित’ नावाचा एकच नळ मेंदूत शोधणं व्यर्थ. ४९ हा आकडा म्हणून दिसला, ठिपक्यांचा पुंजका म्हणून दिसला किंवा कानावर शब्द म्हणून पडला, की वाटा बदलतात. मराठी कानाला आधी ‘एकोण’ ऐकू येतं, मग ‘पन्नास’, आणि शब्दाच्या पोटातच एक वजाबाकी दडलेली असते. तेव्हा कोणी ‘आमच्या उत्तेजनाने संख्याज्ञान वाढलं’ म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच: कोणतं? कुठल्या रूपात दाखवलेल्या संख्येचं?

आता यंत्रांकडे. दोन मुख्य पद्धती आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास भेसळ होते.

टीएमएस म्हणजे चुंबकीय झटका. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये तो माणसाच्या मेंदूवर पहिल्यांदा नीट वापरून दाखवला. आठच्या आकाराच्या कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता सोडला जातो, दीड-दोन टेस्लाचं क्षेत्र क्षणभर उभं राहतं, आणि कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या पेशी त्या प्रेरित प्रवाहाने सरळ पेटतात. ताकद ठरवायची रीत अशी: हात हलवणाऱ्या भागावर झटके देत जायचे आणि दहापैकी पाच वेळा हाताच्या स्नायूत ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद मिळेल अशी सर्वांत कमी पातळी शोधायची. तिला त्या माणसाचा मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. मग पॅरायटल भागासाठी त्याच पातळीच्या अमुक टक्के.

इथेच पहिली मेख आहे. थ्रेशोल्ड मोजला हाताच्या भागावर आणि वापरला दुसऱ्याच जागी, जिथे कवटीपासून मेंदूचं अंतर वेगळं. अंतर एक मिलिमीटरने वाढलं की यंत्राची ताकद साधारण ३ टक्क्यांनी वाढवावी लागते. हाताच्या भागापेक्षा पाच मिलिमीटर जास्त खोल असलेल्या घडीसाठी हा हिशेब केला नाही, तर झटका पंधरा टक्के कमी पडतो आणि ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष छापून येतो. दुसरी मेख नेम धरण्याची. २००९ मध्ये अलेक्झांडर सॅक आणि सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या मोठ्या-लहान टायपाच्या चाचणीवरच नेम धरण्याच्या चार पद्धती तोलल्या. प्रत्येकाचा स्वतःचा फंक्शनल स्कॅन (काम करताना काय उजळतं ते दाखवणारा) पाहून नेम धरला तर परिणाम दिसायला ५ माणसं पुरतात, असं त्यांचं गणित निघालं. नुसता रचनेचा एमआरआय असेल तर ९, सरासरी नकाशावरून १३, आणि डोक्यावर चढवायच्या, खुणा आखलेल्या टोपीवरची ‘पी ४’ ही खूण पाहून कॉइल टेकवली तर ४७. टोपी लावून केलेला वीस जणांचा अभ्यास वाचताना हे आकडे आठवावेत.

तिसरी अडचण आवाजाची. प्रत्येक झटक्याला कॉइल कडकन वाजते, टाळूवर टिचकी बसते. कानात बोळे घालायचे ते ऐकण्याच्या सुरक्षिततेसाठी, पण आवाज पूर्ण जात नाही, आणि नुसत्या आवाजानेही माणूस बटण लवकर दाबतो. म्हणून माथ्याच्या मध्यावर, जिथे संख्यांचं काही काम अपेक्षित नाही, तेवढेच झटके द्यायचे. त्याहूनही चोख तपासणी म्हणजे जागा तीच ठेवायची आणि काम बदलायचं: आकड्यांऐवजी रंग ओळखायला द्यायचे. रंगही अडले, तर बिघडलं ते लक्ष देणं. आकड्यांचा त्यात काही संबंध नाही.

इतकी बंधनं पाळून टीएमएसने दिलेलं उत्तर लहान असतं, पण खणखणीत असतं. गणित सुधारण्याच्या बातम्या बहुतेक येतात त्या दुसऱ्या पद्धतीतून. टीडीसीएसमध्ये दोन इलेक्ट्रोड टाळूवर बांधून १ ते २ मिलिअँपिअरचा सलग प्रवाह दहा, वीस, तीस मिनिटं सोडतात. निट्शे आणि पॉलुस यांनी ग्योटिंगेनमध्ये २००० साली दाखवलं, की एवढ्याशा प्रवाहानेही हाताच्या भागाची उत्तेजनक्षमता बदलते. हा प्रवाह पेशी पेटवत नाही. पेशी पेटण्याच्या किती जवळ आहे, तेवढं थोडंफार सरकवतो. यंत्र स्वस्त, आवाज नाही, मुंग्यांखेरीज काही जाणवत नाही. तेच त्याचं आकर्षण आणि तीच पंचाईत.

एक बैठक जवळून बघू. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत पट्टीने मोजायचं. ३६ सेंटिमीटर भरलं तर मध्य १८ वर, आणि पॅरायटल मध्यरेषेची खूण ७० टक्क्यांवर, म्हणजे २५.२ वर. तिथून बाजूला सरकून डावीकडे पी ३, उजवीकडे पी ४. केस बाजूला करायचे, टाळूवर तेल असेल तर पुसायचं, इलेक्ट्रोडचा ५ गुणिले ७ सेंटिमीटरचा स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून खूण मध्यावर धरून रबरी पट्ट्याने आवळायचा. स्पंज कोरडा राहिला तर रोध चढतो, यंत्र बंद पडतं किंवा कडेला कातडी चुरचुरते, क्वचित भाजते. फार ओला झाला तर पाणी केसांतून ओघळतं, आणि दोन स्पंजांमध्ये ओल पसरली की प्रवाहाला मेंदूत शिरायचं कारणच उरत नाही. तो कातडीवरून परस्पर निघून जातो. पडद्यावरचा मीटर तेव्हाही १ मिलिअँपिअरच दाखवतो, कारण त्याला वाट कळत नाही. सगळं बिनचूक केलं तरी बराचसा प्रवाह टाळू आणि हाडातच वाटला जातो: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृतदेहांवरच्या मोजमापात सुमारे ७५ टक्के बाहेरच्या बाहेर गेला. शिवाय ३५ चौरस सेंटिमीटरच्या पॅडखाली इंट्रापॅरायटल सल्कस एकटा नसतो, त्याचे सगळे शेजारी असतात. क्षेत्राचा जोर पुष्कळदा पॅडखाली नसतोच, तो दोन पॅडच्या मधल्या पट्ट्यात पडतो.

आणि ‘धन टोकाखाली चालना, ऋण टोकाखाली दबाव’ हा सोपा नियम? बात्सिकाद्झे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ऋण टोक २ मिलिअँपिअरवर वीस मिनिटं लावलं, तर दबावाऐवजी चालनाच मिळाली. डोस दुप्पट केला की परिणाम दुप्पट होईल हा घरगुती तर्क इथे थेट उलटा पडू शकतो.

या पार्श्वभूमीवर २०१० चा तो गाजलेला प्रयोग वाचायला हवा. पुन्हा कोहेन कदोश यांचाच गट. १५ तरुण, तीन तुकड्या, सहा दिवस. अगदी नवी, कोणी न पाहिलेली चिन्हं आकडे म्हणून शिकायला दिली आणि शिकताना पॅरायटल भागावर १ मिलिअँपिअर, २० मिनिटं. उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण टोक असलेली तुकडी नव्या चिन्हांत सर्वांत तरबेज झाली, आणि सहा महिन्यांनीही ती पुढे होती. टोकं उलटी लावलेली तुकडी मागे पडली. रोजच्या आकड्यांवर मात्र कोणाचाच फरक पडला नाही. प्रयोगाची रचना कल्पक होती, यात वाद नाही. पण दर तुकडीत पाच जण. शोध म्हणून हे मोलाचं आहे. त्याच्या भरवशावर उपकरण बाजारात आणायचं म्हणजे पायाचा दगड बसायच्या आधी तिसरा मजला चढवणं.

यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे आणि तेच कमी सांगितलं जातं. २०१३ मध्ये तेरेझा युकुलानो आणि कोहेन कदोश यांनी प्रश्न उलटा विचारला: काही मिळालं, तर काय गेलं? पॅरायटल भागाला प्रवाह दिलेले लोक नवी चिन्हं लवकर शिकले, पण शिकलेलं आपोआप वापरण्यात ते कमी पडले. प्रवाह कपाळामागच्या डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल भागाला दिला तर चित्र बरोबर उलटं: शिकणं मंदावलं, आपोआपपणा वाढला. पुढच्याच वर्षी सरकार, डॉवकर आणि कोहेन कदोश यांचा अभ्यास आला. गणिताची धास्ती असलेल्यांना प्रीफ्रंटल प्रवाहाने सोप्या हिशेबात वेग आला, ताणाचं हॉर्मोन कॉर्टिसॉल उतरलं. धास्ती नसलेले मात्र त्याच प्रवाहाने मंदावले. आणि लक्ष आवरून धरण्याच्या एका वेगळ्या चाचणीत दोन्ही गट घसरले.

तेव्हा लेखाचा मुद्दा हा: गणित सुधारल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने आणि प्रत्येक उपकरणाने, काय बिघडलं तेही मोजून दाखवलं पाहिजे. वह्यांमध्ये नुसती जमेची बाजू भरायची आणि खर्चाचं पान कोरं ठेवायचं, याला ताळेबंद म्हणत नाहीत. खर्च सापडला नाही असं म्हणायचं असेल, तर तो कुठे कुठे शोधला ते आधी सांगावं. युकुलानोंच्या प्रयोगात तो सापडला तो शोधला म्हणून. नुसती शिकण्याची गती मोजली असती, तर तोच अभ्यास ‘करंटने गणित सुधारतं’ या मथळ्याखाली छापला गेला असता.

यावर हमखास उत्तर येतं सुरक्षिततेचं. आणि ते खरंही आहे. बिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३३,२०० हून अधिक बैठकींचा आढावा घेतला. नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे ४ मिलिअँपिअर आणि ४० मिनिटांच्या आत, गंभीर इजेची नोंद नव्हती. टीएमएसने क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून तिथे अपस्माराचा इतिहास विचारल्याशिवाय कोणी कॉइल उचलत नाही. टीडीसीएसला तेवढी भीती नाही. पण इजा न होणं आणि किंमत न मोजावी लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपोआपपणा थोडा घटला, लक्ष थोडं ढळलं, तर ते इजांच्या यादीत येत नाही. त्या यादीत चुरचुर असते, डोकेदुखी असते, कातडी लाल होणं असतं. जो तक्ता हे विचारतच नाही, त्याच्या कोरेपणाचा आधार घेता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, खोट्या उत्तेजनाची. तुलनेच्या गटाला प्रवाह पहिल्या तीसेक सेकंदांपुरता देऊन बंद करतात. मुंग्या सुरुवातीलाच येतात, तेव्हा फरक कळू नये हा हिशेब. १ मिलिअँपिअरला हे बऱ्यापैकी निभतं. २ ला सहभागींना ओळखू येऊ लागतं, आणि पट्टा काढल्यावर कपाळावर उमटलेला लाल चौकोन प्रयोग घेणाऱ्यालाही दिसतो. आपल्याला खरा करंट मिळतोय असं वाटलेला माणूस गणितं जोमाने सोडवतो, यात मेंदूचं कुठलंच गूढ नाही.

मुलांचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही, कारण या सगळ्याला नैतिक वजन मिळतं ते तिथे. साधारण ३ ते ६ टक्के मुलांना डिस्कॅल्क्युलिया असतो. ८ मोठे की ५ हे सांगायलाही बोटं मोजणारं मूल आणि त्याचे आईवडील यांना ‘अजून पुरावा नाही’ हे वाक्य ऐकवणं सोपं नाही. २०१७ मध्ये लूई आणि सहकाऱ्यांनी गणित शिकण्यात अडचण असलेल्या मुलांवर टीआरएनएस, म्हणजे सतत बदलत्या यादृच्छिक प्रवाहाचा प्रयोग, संख्यारेषेच्या खेळाबरोबर केला आणि निकाल आशादायक आले. एकूण मुलं १२. मुलांची कवटी पातळ असते, त्यामुळे मोठ्यांइतकाच प्रवाह त्यांच्या मेंदूत जास्त जोराचं क्षेत्र उभं करतो. मोठ्यांवरून ठरवलेला डोस तसाच उतरवता येत नाही. आणि आपोआपपणा तयार होण्याचं वयच ते. मोठ्या माणसाने नव्या चिन्हांत गमावलेला आपोआपपणा प्रयोगशाळेतच राहतो. मुलाने गमावला तर पाढ्यांतला गमावला.

म्हणून मुलांवर प्रयोग करूच नयेत, असं नाही. करावेत, पण रुग्णालय किंवा विद्यापीठाच्या नैतिक समितीखाली, आधीच जाहीर केलेल्या आराखड्याने, दोन आकडी तरी मुलं दर गटात घेऊन, आणि शिकवणीसोबतच. शेवटची अट महत्त्वाची. आजवर जिथे जिथे टिकाऊ फायदा दिसला, तिथे प्रवाह शिकण्याबरोबर होता. नुसता पट्टा बांधून सात आठे छप्पन्न कोणाला आलेलं नाही. मग ज्या मुलाला चांगली उपचारात्मक शिकवणीच मिळालेली नाही, त्याला आधी पट्टा देणं हा क्रमच चुकलेला आहे.

कायद्याने काय करावं? २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने वैद्यकीय हेतू नसलेली, कवटीवरून मेंदूला करंट किंवा चुंबकीय क्षेत्र देणारी उपकरणं सर्वांत जोखमीच्या तिसऱ्या वर्गात टाकली. संशोधकांनी त्याला विरोध केला, आणि जोखमीपुरतं बोलायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. शरीरात बसवायच्या उपकरणांच्या पंगतीत टीडीसीएसला बसवणं अतिरेकी आहे. पण गणिताच्या बाबतीत नियंत्रण धोक्यापेक्षा दाव्याचं हवं. ‘लक्ष’, ‘स्मरण’, ‘गणित’ हे शब्द खोक्यावर छापायचे असतील, तर कोणतं काम, कोणत्या वयात, किती माणसांवर, आणि त्याच माणसांचं दुसरं काय घटलं, हे त्याच टायपात छापलं जावं. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी घरच्या घरी यंत्र वापरणाऱ्यांना उद्देशून खुलं पत्र लिहून, इलेक्ट्रोडखालच्या भागापलीकडेही परिणाम होतात आणि एक क्षमता वाढताना दुसरी घटू शकते, असं बजावलं होतं. ते पत्र खोक्यात घालायला फार जागा लागत नाही.

तोवर यंत्र दाखवायला आलेल्याला एक प्रश्न विचारता येईल. तुमच्या चाचणीत खोटा प्रवाह मिळालेल्यांपैकी किती जणांनी ‘मला खराच मिळाला’ असं सांगितलं होतं? हा आकडा नीट केलेल्या अभ्यासात असतोच, कारण बैठक संपल्यावर तो विचारून लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागतं.